घोड्याचा रंग पाहून बिल उधळू नका

ऊसबिल जमा झाले की त्याचे काय करायचे हा ज्याचा त्याचा प्रश्न आहे. आमच्या वडिलांच्या वेळी बिलातून आधी विहीर झाली, मग पत्र्याचे घर झाले, मग इंजिन आले. आमच्या वेळी मोटारसायकल आणि ट्रॅक्टर. आता गेल्या काही वर्षांत घोडा आला आहे. दत्तजयंतीला तापीकाठी सारंगखेड्याची यात्रा भरली की आपल्या भागातून रात्रभर गाडी चालवत माणसे तिकडे जातात. कुणी अकलूजच्या बाजारात जातो, कुणी नांदेडकडे माळेगावला खंडोबाच्या यात्रेत. दारात घोडा असावा ही हौस जुनी आहे, तिच्यावर टीका करायला मी लेखणी धरलेली नाही. माझे म्हणणे एवढेच आहे की आपण घोडा घेत नाही, रंग घेतो. आणि रंग कसा येतो, कसा जातो हे न कळता घेतो. त्यात चांगल्या चांगल्या शहाण्या माणसांचे पैसे गेलेले मी पाहिले आहेत.

आमच्याच गटातल्या एका सभासदाची गोष्ट सांगतो. त्याने बाजारातून आठ महिन्यांचे शिंगरू आणले. काळेभोर, कुठे ठिपका नाही. दीड एकराच्या उसाचे बिल त्यात गेले. तिथे शिंगराची आई उभी होती, ती पांढरी. त्याला वाटले, आई पांढरी आणि पोर काळे, म्हणजे नशीबच. वर्षभराने शिंगराच्या डोळ्यांभोवती पांढरे केस दिसू लागले, चष्मा घातल्यासारखे. मग तोंडावर, मग मानेवर. तिसऱ्या वर्षी अंगभर राखी ठिपके उठले. घरात एकेकाचे एकेक निदान. म्हातारी म्हणाली दृष्ट लागली. चुलता म्हणाला, वाढ्याने उष्णता झाली. एकाने सांगितले, दलालाने कलप लावून विकले असणार. शेवटी हा गडी पुढच्या यात्रेला त्या दलालाला गाठायला गेला. दलाल शांतपणे म्हणाला, "दादा, तुम्हाला काळा दिला, तवा काळाच व्हता की."

दलाल खोटे बोलला नाही. त्याने जे सांगायला हवे होते ते सांगितले नाही, एवढेच.

ज्याला आपल्याकडे सब्जा म्हणतात तो घोडा जन्मतः पांढरा नसतो. तो काळा, तांबडा, कुमैत अशा कुठल्याही रंगात जन्मतो आणि वाढत्या वयाबरोबर त्याचे केस पिकत जातात. साधारण सहा-आठ वर्षांत तो पांढरा दिसू लागतो. कातडी मात्र काळीच राहते. नाकपुडीशी, डोळ्याच्या कडेला पाहा, काळी दिसेल. याउलट नुकरा जन्मापासून पांढरा असतो आणि त्याची कातडी गुलाबी असते. बाजारात दोन्ही पांढरेच म्हणून खपतात, पण आतून ती दोन वेगळी प्रकरणे आहेत. खिल्लार वासराच्या डोक्यावर जन्मतः तांबूस झाक असते आणि दोन-चार महिन्यांत ती जाते, हे आपण गोठ्यात नेहमी पाहतो. तो प्रकार सब्ज्याहून निराळा, पण जन्माचा रंग म्हणजे जन्माचा करार नव्हे हे त्यावरून आपल्याला आधीच ठाऊक असायला हवे होते.

हे का होते याचा छडा २००८ साली लागला. स्वीडनमधल्या उप्सला विद्यापीठातल्या संशोधकांना आढळले की पांढरे पडणाऱ्या घोड्यांत एका विशिष्ट जनुकाचा छोटासा तुकडा दुबार लिहिला गेला आहे. जनुक म्हणजे वंशाचा दाणा म्हणा. प्रत्येक गुणाचे दोन दाणे असतात, एक बापाचा, एक आईचा. केस पिकवणारा दाणा दोहोंपैकी एक जरी असला तरी घोडा पांढरा पडणारच. कुठल्याही जातीचा सब्जा घ्या, अरबी घ्या की युरोपातला, सगळ्यांत तीच एक चूक आहे. म्हणजे कधीकाळी कुठल्यातरी एकाच घोड्यात ती झाली आणि माणसाला पांढरा घोडा आवडला म्हणून जगभर पसरली. पुढे २०२४ साली असेही दिसले की तो तुकडा दोनदा लिहिलेला असेल तर घोडा सावकाश पिकतो, तीनदा असेल तर लवकर.

यातून बाजारात उपयोगी पडेल असा नियम निघतो. सब्जा शिंगराच्या आईबापांत एक तरी सब्जा असलाच पाहिजे. इंग्लंडच्या शर्यतीच्या घोड्यांच्या वंशावळ्या दोन-अडीचशे वर्षांच्या लिहून ठेवलेल्या आहेत. त्यांत आजचे सगळे सब्जे मागे मागे नेले तर १८व्या शतकाच्या आरंभीच्या ‘अल्कॉक अरेबियन’ नावाच्या एका घोड्यापर्यंत पोहोचतात, मध्ये एकही पिढी न तुटता. मधली साखळी तुटली की रंग संपला, तो पुढे आपोआप उगवत नाही. तेव्हा काळे शिंगरू घेताना आई आणि बाप दोन्ही पाहावेत. त्यांतला एक जरी सब्जा असेल तर ते शिंगरू काळे राहण्याची शक्यता फार तर निम्मी. आणि पांढऱ्याच्या दोन्ही दाण्यांचा सब्जा असेल तर त्याचे एकही शिंगरू काळे राहायचे नाही. आमच्या सभासदाच्या समोर आई उभी होती. उत्तर त्याच्या डोळ्यांपुढे होते, विचारायचे तेवढे राहिले.

पांढऱ्याचीच हौस असेल तरी एक गोष्ट पाहून घ्या. सब्ज्याच्या अंगावर उतारवयात काळ्या गाठी येतात. शेपटीखाली, गुदद्वाराशी, ओठांवर, कानामागे. पंधरा वर्षांपुढच्या सब्ज्यांपैकी सत्तर टक्क्यांहून अधिकांना त्या येतात असे पाहणीत दिसले आहे. बऱ्याच गाठी वर्षानुवर्षे तशाच राहतात, काही आत पसरून जनावर जाते. केस पांढरे करणारा आणि या गाठींना वाट देणारा दाणा एकच आहे. वयस्क पांढरी घोडी घेताना शेपटी उचलून पाहायला लाजू नका. बैल घेताना दात पाहतोच की आपण.

आता जरा आपल्या उसाकडे वळतो, म्हणजे मुद्दा नीट बसेल. आपण को ७४० लावला, नंतर को ८६०३२ लावला. बेणे शेजाऱ्याकडून आणले तरी ऊस तोच उगवला, कारण कांडी म्हणजे त्याच उसाचा तुकडा. त्यात बाप नाही, आई नाही. म्हणून आपल्या मनात पक्के बसले आहे की चांगल्याच्या पोटी तसेच चांगले. पण उसाच्या तुऱ्यातले बी पेरले तर काय होते? हजार रोपे हजार तऱ्हांची निघतात. कोइमतूरला १९१२ पासून हेच काम चालले आहे. बियांपासून रोपे करायची, त्यांतली बहुतेक टाकून द्यायची आणि एखादी जात हाती लागली तर ती पुढे कांडीने वाढवायची. घोडा हा बियाचा माल आहे, कांडीचा नव्हे. सुंदर घोडा दिसला म्हणून त्याचे शिंगरू तसेच होईल, असे धरून चालणे म्हणजे तुऱ्याच्या बियातून को ८६०३२ उगवेल अशी आशा धरणे.

दुसरी गोष्ट भांडणाची. एका गावात दोन सभासदांत बोलणे बंद झाले ते शिंगराच्या रंगावरून. घोडी कुमैत, म्हणजे अंग तपकिरी तांबूस आणि आयाळ-शेपूट-पाय काळे. ज्याच्याकडे भरवायला नेली त्याचा घोडाही कुमैत. शिंगरू झाले ते आयाळीपासून खुरापर्यंत तांबडे. घोडीवाला म्हणाला, "तू पैसे घेतलेस एका घोड्याचे आणि लावलास दुसराच." प्रकरण पंचांपुढे गेले. घोडेवाला बिचारा शपथा घेत राहिला, पण त्याच्या घोड्याला पुढे कुणी घोडी नेईना.

घोडेवाला खरा असणे पूर्ण शक्य होते. तांबड्याचा दाणा दबून राहणारा आहे. एका बाजूने तांबडा आणि दुसऱ्या बाजूने काळा दाणा आला तर तांबडा झाकला जातो, घोडा कुमैत किंवा काळा दिसतो. असे झाकलेला दाणा बाळगणारे घोडा-घोडी एकत्र आले तर चारांत एक वेळ दोन्हीकडून तांबडा दाणाच येतो आणि शिंगरू तांबडे होते. चारांत एक म्हणजे दर चौथे शिंगरू असे नव्हे. नाणे उडवण्यासारखा प्रकार आहे, लागोपाठ दोन तांबडी होतील किंवा सहांत एकही होणार नाही. होल्स्टीन गाईंत हाच प्रकार आहे. दोन काळ्या-पांढऱ्यांच्या पोटी कधी तांबडे-पांढरे वासरू होते, आणि गंमत अशी की गाईत आणि घोड्यात जबाबदार जनुकही एकच आहे. घोड्यात ते १९९६ साली सापडले.

पण नियम त्याच्या कितीतरी आधी कळला होता, आणि तो कळवणारा माणूस रोपवाटिकेच्या धंद्यातला होता. इंग्लंडमधल्या लेस्टरशायरचा सी. सी. हर्स्ट. मेंडेलचे वाटाण्यावरचे काम १९०० साली नव्याने उजेडात आले होते आणि ते खरे की खोटे यावर मोठा वाद चालला होता. हर्स्टने शर्यतीच्या घोड्यांच्या वंशावळीचे छापील ग्रंथ घेतले, पाने उलटली आणि दाखवून दिले की तांबड्या घोड्याला तांबडी घोडी दिली की शिंगरे तांबडीच. हजारावर शिंगरांत अपवाद अगदी मोजके. हा निबंध १९०६ साली छापला गेला. वेल्डन नावाचे मोठे प्राध्यापक त्याच ग्रंथांतले अपवाद काढून उलटले. त्या वादात त्यांनी जिवापाड मेहनत घेतली आणि त्याच वर्षी एप्रिलमध्ये ते वारले. पुढे लक्षात आले की अपवाद घोड्यांत नव्हते, वहीत होते. कारकुनाने रंग चुकीचा लिहिला होता, कुठे बाप चुकीचा. काट्यावर चुकीचा आकडा पडला म्हणून उसाचे वजन बदलत नाही, तसेच हे.

तेव्हा भांडणापूर्वी एवढे ध्यानात असू द्या. दोन कुमैतांचे तांबडे शिंगरू झाले तर कुणावर आळ घेऊ नका. पण दोन तांबड्यांच्या पोटी कुमैत किंवा काळे झाले असे कुणी सांगितले, तर मात्र बाप कोण हे अवश्य विचारा.

बदामी, सोनेरी घोड्याबद्दल थोडक्यात. त्याची ‘शुद्ध पैदास’ म्हणून कुणी जास्त पैसे मागत असेल तर देऊ नका, कारण तशी पैदास असूच शकत नाही. सोनेरी रंग हा तांबड्यावर फिकेपणाचा एकच दाणा पडल्याने येतो. दोन सोनेरी एकत्र आणले तर निम्मी शिंगरे सोनेरी, पाव तांबडी आणि पाव गुलाबी कातडीची, निळ्या डोळ्यांची, जवळजवळ पांढरी. हमखास सोनेरी हवे असेल तर त्या शेवटच्या, ज्याला लोक नाक मुरडतात, त्याला तांबडी घोडी द्यावी लागते. बाजारात नावडता ठरलेला जो, तोच आवडत्या रंगाचा पक्का बाप.

आणि रंगामागे डोळे झाकून धावण्याचा शेवट कुठवर जातो तेही सांगायला हवे. अमेरिकेत पेंट जातीचे अबलख घोडे फार लोकप्रिय. त्यांत पांढऱ्या पट्ट्यांचा एक विशिष्ट नमुना असा आहे की त्याचा एक दाणा असला तर घोडा देखणा आणि निरोगी, पण तो बाळगणारे घोडा-घोडी जुळवले तर चारांत एक शिंगरू पूर्ण पांढरे जन्मते आणि त्याच्या आतड्यात मज्जातंतूच नसतात. दूध पिते, शेण पडत नाही, पोट फुगते आणि दोन-चार दिवसांत तडफडून मरते. उपाय नाही. दोष कळला १९९८ साली. तोवर कित्येक मालकांनी ‘ठिपक्यांना ठिपके’ जुळवण्याच्या नादात अशी शिंगरे पुरली. आता तिथे केसाच्या मुळावरून तपासणी होते आणि शहाणा माणूस दोन बाळगणारे एकत्र आणत नाही.

आपल्याकडच्या जुन्या शास्त्राबद्दल मी तुच्छतेने बोलणार नाही. शालिहोत्राच्या नावावर चालत आलेल्या ग्रंथांतून रंग, भोवरे, पांढरे पाय यांवरून शुभाशुभ सांगितले आहे. चारी पाय पांढरे आणि कपाळी पट्टा तो पंचकल्याणी, अमुक जागी भोवरा तो खोडीचा. ज्या काळी घोड्यावर माणसाचा जीव अवलंबून होता आणि खरेदीला कसलीच हमी नव्हती, त्या काळी माणसाने डोळ्याला दिसेल त्या खुणेवर भरवसा ठेवला, यात नवल नाही. पण पाहा, मारवाडात काळा घोडा अशुभ मानायचे, आणि आज तोच काळा आमच्या सभासदाने दीड एकराचे बिल देऊन आणला. घोडा तोच, फक्त मानणारे बदलले. माझा राग भोवऱ्यावर आहे तो निराळ्या कारणाने. भोवरा चुकीच्या जागी म्हणून चांगली, चालायला सरळ, अंगाने शांत घोडी पाव किमतीत काढून टाकणारा गरीब मालक मी पाहिला आहे, आणि तीच घोडी पुढे दुसऱ्याच्या दारात दहा वर्षे नांदलेलीही पाहिली आहे. नुकसान कुणाचे झाले?

यावर आमचे मित्र म्हणतात, "अण्णा, तुमचं सगळं खरं. पण बाजारात भाव रंगालाच हाय. उद्या मला इकायचा झाला तर मी काय गिऱ्हाइकाला जनुक दाखवू?" प्रश्न बरोबर आहे आणि मी तो टाळत नाही. आज घेऊन उद्या विकणारा व्यापारी असेल त्याने रंग पाहावा, तो त्याचा धंदा. पण आपण बहुतेकजण घोडी पाळतो ती शिंगरू घेण्यासाठी, आणि तिथे रंगाचा भाव दोनदा फसवतो. घेताना जास्त द्यावे लागतात आणि शिंगरू दुसऱ्याच रंगाचे झाले की कमी मिळतात. पायात दोष नसलेली, वेळेवर माज दाखवणारी, दूध पुरवणारी घोडी दरवेळी शिंगरू तरी जगवते. शर्यतीच्या घोड्यांच्या धंद्यात कोट्यवधींचे व्यवहार होतात. भारतातली त्यांची वंशावळ-नोंद पुण्यातच ठेवली जाते. तिथे रंग लिहितात तो ओळख पटावी म्हणून. किंमत ठरते ती आईबापावर, पायांवर आणि धावण्यावर. १९७३ साली अमेरिकेत एकतीस घोडेलांबीने शर्यत जिंकलेला सेक्रेटेरिएट साधा तांबडा होता.

आणि लांब कशाला जायचे? तोड झाल्यावर आपल्या रानात मेंढरे बसवायला धनगर येतात, त्यांच्याबरोबरची तट्टे पाहिली आहेत का कधी? पाठीवर सगळा संसार, वर कोंबड्या, कधी कोकरू, कधी लहान मूल. ऊन, पाऊस, खडक, मैलोगणती चाल. खुराक म्हणाल तर बांधावरचे गवत. ही आपली भीमथडीची जात. दक्खनच्या लढाया जिच्या पाठीवर झाल्या ती. तिची स्वतंत्र जात म्हणून राष्ट्रीय पातळीवर नोंद झाली ती अगदी अलीकडे. धनगराला विचारा, तट्टू घेताना काय पाहता. तो म्हणेल, खूर, पाठ आणि डोळा. रंग त्याने कधी विचारलेला मला तरी आठवत नाही. आपण तिकडे मारवाडी रंगासाठी लाख मोजतो आणि आपल्याच नदीकाठची ही जात आपल्या डोळ्यांदेखत विरळ होते, याची मला खरोखर खंत वाटते.

आता संचालक मंडळाला आणि शेतकी खात्याला दोन नम्र सूचना. आपण जनावरांचे प्रदर्शन भरवतो तेव्हा घोड्यांच्या गटात गुण कसे द्यायचे याचा तक्ता आधी जाहीर करावा आणि त्यात रंगाला व भोवऱ्याला शून्य गुण असावेत. पाय व खूर, चाल, पाठ, दात, स्वभाव आणि घोडी असेल तर जगवलेली शिंगरे, यांनाच गुण द्यावेत. पारितोषिक ज्याला मिळते त्याच्याकडे लोक घोडी नेतात, तेव्हा प्रदर्शनातला परीक्षक आपल्या तालुक्याची पुढची पिढी ठरवत असतो, हे विसरून चालणार नाही. भीमथडी तट्टांसाठी वेगळा गट ठेवावा आणि धनगर बांधवांना त्यात सन्मानाने बोलवावे, मग ते सभासद असोत वा नसोत.

दुसरी सूचना नोंदवहीची. घोडी कधी भरवली, कुठल्या घोड्याला, शिंगरू कधी झाले, जन्माचा रंग कोणता, एक वर्षाचा असताना कोणता, तीन वर्षांचा असताना कोणता. एका पानाचे काम आहे. वाद झालाच तर केसांची मुळे तपासून बाप ठरवता येतो; या विषयाचे केंद्र हिसारला आहे, राष्ट्रीय अश्व संशोधन केंद्र, आणि त्याची शाखा बिकानेरला. पण आधी वही असेल तर तिथवर जायची वेळ क्वचितच येईल. ज्यांच्याकडे घोडी आहेत त्यांनी गट कार्यालयात नावे द्यावीत. पहिली वही मी स्वतः आणून ठेवतो, आणि ज्याचा काळा पांढरा झाला त्या आमच्या सभासदाने पहिले पान भरायचे कबूल केले आहे.